वीस मायक्रॉन

"चाचा, सगळे फेल."

ट्रे मी ग्राइंडरशेजारच्या लाकडी फळीवर ठेवला. दस्तगीर चाचांनी आधी मशीनचं टेबल मागं घेतलं, मग चाक थांबवलं, मग कापसाच्या गुंडाळीला हात पुसले आणि मग कुठं माझ्याकडं पाहिलं. घाई हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

"सगळे म्हंजे?"

"साठच्या साठ. पायरीची उंची आठ मिलिमीटर पाहिजे, आठ पॉइंट झिरो टू भरतेय. वीस मायक्रॉन जास्त. आपल्याला सूट दहाची आहे."

चाचांनी ट्रेमधली एक कॉलर उचलली. कॉलर म्हणजे पंपात बसणारं पोलादी कडं. त्याला आतल्या अंगाला एक पायरी असते आणि त्या पायरीच्या उंचीवर सगळा पंप उभा असतो. चाचांनी आपला जुना मायक्रोमीटर काढला, पायरीवर टेकवला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला.

"माझ्याकडं आठच येतंय."

"तुमचा मायक्रोमीटर किती वर्षांचा आहे, चाचा?"

हे मी विचारायला नको होतं. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते, हातात डिप्लोमा होता आणि शिंगं नुकतीच फुटली होती.

एक्क्याण्णव सालची ही गोष्ट. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बाळगोंडा आप्पांचा कारखाना होता. चाळीस माणसं कामाला, त्यात बाई मी एकटी. पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकानं आप्पांना बजावलं होतं, तपासलेला माल सहीनिशी पाठवा, नाहीतर पाठवू नका. म्हणून मला इन्स्पेक्शनला घेतलं होतं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. रुकडीहून मी रोज एसटीनं यायचे. बाबांनी घरात सांगून ठेवलं होतं, नोकरी टिकली तर टिकली, नाहीतर वैशाखात स्थळं बघायची.

चाचा सव्वीस वर्षं त्याच ग्राइंडरवर होते. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हा माणूस त्या केसाचे सात उभे पापुद्रे काढून देईल, असं कारखान्यात बोललं जायचं. त्यांचा माल कुणी मोजायचंच नाही. ट्रेवर खडूनं 'द' लिहिलेला असला की ट्रे थेट पॅकिंगला. मी आल्यावर ही वहिवाट मोडली आणि ती मोडल्याचा मला भारी अभिमान होता.

"पोरी, येक सांगू?" चाचा म्हणाले. "माणूस चुकला की कमीजास्त चुकतोय. येक नग पाचानं, दुसरा पंधरानं. सकाळी कमी, दुपारी जास्त. साठच्या साठ येकाच मापानं चुकल्यात? असलं चुकायला माणूस लई हुशार पायजे."

"मशीनचं सेटिंग सरकलं असेल."

"सेटिंग सरकलं तर माझ्या मायक्रोमीटरला दिसलं असतं की. तू मोजतीस ते मला बघू दे जरा."

"इन्स्पेक्शन रूममध्ये कुणाला येता येत नाही. नियम आहे."

नियम मीच केलेला होता. त्याचं खरं कारण कुणाला माहीत नव्हतं, आणि मीही ते स्वतःशी धडपणे कबूल करत नव्हते. आत मी एकटी असले की मला सुखाचं वाटायचं, एवढंच.

चाचांनी कॉलर ट्रेमध्ये परत ठेवली. ट्रे उचलून ते थेट आप्पांच्या केबिनमध्ये गेले, आणि त्यांच्या मागोमाग मी.

आप्पा तेव्हा साठीला आलेले, पांढरी टोपी, कपाळावर गंधाचा टिळा. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "डायल पुण्याहून तपासून आणलाय न्हवं?"

"मागच्याच महिन्यात, आप्पा. सर्टिफिकेट आहे." डायल म्हणजे दांड्याला बांधलेलं माझं काट्याचं मापयंत्र; त्याचं खालचं टोक नगावर टेकलं की घड्याळासारख्या तबकडीवर काटा माप दाखवायचा.

"झालं तर. डायलला सर्टिफिकेट हाय. चाचा, तुमच्याकडं काय हाय?"

चाचांनी हातातल्या मायक्रोमीटरकडं बघितलं. सव्वीस वर्षं आणि दहा बोटं, असं ते म्हणू शकले असते.

"चाचा, वाईट वाटून घेऊ नगा," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. त्यांचाही जीव होता चाचांवर, पण पुण्याचं गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यावर बसलेलं होतं. "डोळं किती वर्सं साथ देणार? साठ नगांवर वीस मायक्रॉन उतरवा. शनिवारी टेंपो जातोय. सोमवारपासनं ग्राइंडरवर वडगावचा एक गडी येतोय. तुम्ही पॅकिंग बघा. बसून काम हाय."

चाचांच्या मानेवरची शीर तटतटली. मला वाटलं, आता हा माणूस मायक्रोमीटर टेबलावर आपटणार. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि ट्रे घेऊन बाहेर गेले. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. पहिल्याच महिन्यात मी सव्वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाची चूक पकडली होती.

गुरुवारी आणि शुक्रवारी चाचांनी साठही नगांवरून वीस मायक्रॉन उतरवले. मी एकेक नग मोजला. डायलचा काटा आठवर येऊन असा थांबायचा की बघत राहावं. साठच्या साठ पास. मी वहीत प्रत्येक नगापुढं माझी लपेटदार सही केली.

शनिवारी सकाळी मी ग्राइंडरपाशी गेले, तेव्हा चाचा मशीन पुसत होते. नुसतं पुसत नव्हते, एकेक हँडल काढून, तेल देऊन परत बसवत होते. लग्न होऊन जाणाऱ्या लेकीचं सामान बांधावं तसं त्यांचं चाललं होतं.

"त्या वडगावच्या गड्याला सांग," वर न बघता ते म्हणाले, "दुपारच्याला पत्रं तापलं की ह्यो डावा गाडा जरा सुस्त व्हतोय. दोन मिनटं रिकामा चालवायचा. न्हाईतर मशीनला नावं ठेवंल."

"तुम्हीच सांगा की चाचा. सोमवारी असालच ना तुम्ही इथं."

"मी हिकडं न्हाई येणार. पॅकिंगला बसून ह्या मशीनचा आवाज ऐकायचा, ते मला जमायचं न्हाई." मग त्यांनी हात थांबवला. "तुझा आकडा खरा निघाला, पोरी. मी लई इचार केला. माझा मायक्रोमीटर म्हातारा झाला आणि मी बी. दोघं मिळून येकमेकाला खरं म्हणत बसलो व्हतो. माझा हात गेला."

हे त्यांनी कुरकुरीच्या सुरात सांगितलं असतं, तर मी वाद घातला असता. पण ते अगदी साध्या आवाजात बोलले, आणि बोलताना स्वतःच्या उजव्या हाताकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसं बघत होते. त्याच क्षणी त्यांचं बुधवारचं वाक्य डोक्यात येऊन बसलं. साठच्या साठ एकाच मापानं? मी मोजताना तरी एखादा नग एकवीस, एखादा एकोणीस यायला हवा होता की नाही? आलेही होते तसे एक-दोन मायक्रॉन इकडंतिकडं. पण मग जो माणूस साठ नग इतके एकसारखे काढतो, त्याचा हात गेला कसा?

मी तडक केबिनमध्ये गेले.

"आप्पा, पेटीची किल्ली द्या."

आप्पांचा चहाचा कप हवेतच राहिला. "कुठली पेटी?"

"मापाच्या पट्ट्यांची."

त्या पेटीबद्दल सांगायला हवं. पोलादाच्या चौकोनी पट्ट्यांचा तो परदेशी संच आप्पांनी धंदा सुरू केला तेव्हा घेतलेला. एकेक पट्टी म्हणजे एकेक पक्कं माप. दोनची म्हणजे दोनच, आठची म्हणजे आठच. इतकी मोलाची वस्तू म्हणून आप्पांनी ती लोखंडी कपाटात, पद्मावतीच्या तसबिरीखाली ठेवून दिली होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पेटी बाहेर यायची. तिला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, नारळ फुटायचा आणि पेटी परत आत. कारखान्यातली सगळ्यात खरी वस्तू, आणि तिला कुणी कधी कामाला लावलं नव्हतं.

"ती खंडेनवमीला उघडतो आपण," आप्पा म्हणाले.

"आज उघडू, आप्पा."

"बाळ, हात लागला की गंज धरतोय त्याला."

"पुसून ठेवते. चाचांचा प्रश्न आहे."

आप्पा कुरकुरले, पण त्यांनी कमरेची किल्ली सोडून दिली.

पेटी इन्स्पेक्शन रूममध्ये नेऊन मी आठची पट्टी काढली. कोपऱ्यात अजून कुंकवाचा कण होता, तो पुसला. पट्टी टेबलावर ठेवली, डायल खाली टेबलाला टेकवून शून्य केला, मग त्याचं टोक पट्टीवर घेतलं. काटा फिरत गेला आणि आठच्या पुढं दोन रेघा जाऊन थांबला.

आठ पॉइंट झिरो टू.

पहिला विचार काय आला, ते प्रामाणिकपणे सांगते. पट्टी झिजली असणार, असं मनात आलं. पट्टी झिजली तर ती कमी भरेल, जास्त कशी भरेल, हे कळायला मला पुरतं अर्धं मिनिट लागलं. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा तेच. मग पाचची पट्टी घेतली, तर सव्वा रेघ जास्त. दोनची घेतली, तर अर्धी रेघ. चूक मापाबरोबर वाढत होती. मी दार उघडलं आणि हाक मारली, "चाचा, आत या."

"नियम हाय न्हवं?" चाचा दारातच थांबले.

"या ओ चाचा."

ते आत आले. काही मोजलं नाही, कशाला हात लावला नाही. उंच माणूस, टेबलाशी उभे राहिले आणि वरून डायलकडं बघत राहिले. मग वाकून एका डोळ्यानं बघितलं.

"ह्यो डायल तुझ्याकडं का बघालाय?"

"म्हणजे?"

"कामाकडं बघायला पायजे त्यानं. सरळ खाली. ह्यो तर तुझ्याकडं मान तिरकी करून बघालाय."

आणि मला ते दिसलं. खरं तर महिनाभर दिसतच होतं. माझी उंची चार फूट दहा इंच. ते टेबल माझ्या आधीच्या कुणा उंच माणसासाठी केलेलं. डायल सरळ बांधला की त्याची तबकडी माझ्या डोळ्यांच्या वर जायची आणि काटा नीट वाचता यायचा नाही. पायाखाली घ्यायला एखादं खोकं मागितलं असतं तर पाच मिनिटांत मिळालं असतं. पण पहिल्याच दिवशी शॉपमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "इन्स्पेक्टर आलाय म्हणं, कुठं हाय? टेबलाच्या मागं का खाली?" आणि सगळे हसले होते. तेव्हाच मी ठरवलं होतं, इथं कुणाकडं काही म्हणून मागायचं नाही. डायलचा दांडा इवलासा माझ्या बाजूला कलवला, काटा दिसायला लागला, आणि आत कुणी येऊ नये म्हणून नियम केला.

"एवढ्याशा तिरक्यानं?" मी म्हटलं.

"तू जोतिबाला गेलीस न्हवं? डोंगर तेवढाच. पायऱ्यांनी सरळ चढलं तर थोडकं चालायचं, गाडीवाटंनं तिरकं गेलं की चाल वाढती. डोंगर वाढत न्हाई. तुझ्या डायलनं चाल मोजली, पोरी."

त्यांनी बाहेरून काटकोन बघायचा गुण्या आणला, डायलच्या दांड्याला लावला आणि स्क्रू सैल करून दांडा काटकोनात उभा केला. मग आठची पट्टी सरकवली. मला काटा दिसेना. मी टाचा उंचावल्या. काटा बरोबर आठवर होता.

आता मी पास केलेल्या नगांतला एक ठेवला. सात पॉइंट नव्याण्णव भरला असता तरी सुटीत बसला असता; भरला सात पॉइंट अठ्ठ्याण्णव. दुसरा, तिसरा, तेच. साठ चांगले नग मी फेल केले होते आणि फेल झालेल्या साठांवर सह्या केल्या होत्या. घासलेलं लोखंड परत चढत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी स्वतःच्या हातानं केलं होतं.

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. खोलीत आम्ही दोघंच. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं? माल पुण्याला गेला असता, परत आला असता आणि बोट पुन्हा चाचांकडंच वळलं असतं. नवा गडी यायच्या आधीचं काम होतं ना ते. मला हे सगळं कळत होतं, आणि चाचांनाही कळत होतं. केबिनमध्ये जाऊन बोभाटा करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते नुसते उभे राहिले, माझ्याकडं न बघता, खिडकीकडं तोंड करून. मला रुकडीचं घर आठवलं, बाबांचा चेहरा आठवला. मग मी वही उघडली. साठ वेळा लिहिलेलं 'पास' एकेक करून खोडलं, पुढं 'फेल' लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: डायल तिरका बांधला, मोजणाऱ्याची चूक.

ती वही मी आप्पांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"डायलला सर्टिफिकेट होतं की!" आप्पा ओरडले.

"डायल बरोबर आहे, आप्पा. मी चुकीचा बांधला होता. चाचांचे साठही नग आधी पास होते."

"आणि आता?"

"आता साठही फेल आहेत."

आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी काढलेले आप्पा मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्यांनी वहीची पानं एकेक करून उलटली. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "मगदूमबाई, खरं बोललात, बरं वाटलं. पण असली चूक मला परवडायची न्हाई. सोमवारपासनं तुम्ही येऊ नगा. चाचा, तुम्ही तुमचं मशीन सांभाळा. मी वडगावला निरोप धाडतो."

मी मान खाली घालून वळले. रडायचं ते एसटीत, असं ठरवलं होतं.

"मग वडगावचा गडी येऊ द्या," माझ्या पाठीमागून चाचा म्हणाले. "मी बी येत न्हाई."

"आता तुम्हाला काय झालं? तुमचं तर खरं निघालं!"

"माझं खरं निघालं ते कुणामुळं? सव्वीस वर्सं माझा माल कुणी मोजलाच न्हाई, आप्पा. खडूचा 'द' बघितला की पास. मी कवा चुकलो आसंन, देव जाणे. ही पयली, जिनं माझे साठ नग फेल केले. आणि आज सोताचे बी साठ फेल केले, कुणी इचारायच्या आधी. ही गेली की परत सगळे डोळं झाकून पास करणार. मला तसं काम करायचं न्हाई. माझं काम हिनंच बघायचं. म्या हितं उभा ऱ्हायल्यावर बघायचं, एवढं मातुर पायजे."

आप्पांनी फोन ओढला आणि पुण्याचा नंबर लावला. "माल सोमवारी," एवढंच ते बोलले. पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं, कारण आप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. फोन ठेवून त्यांनी टोपी घातली.

"लेथवर टर्निंग झालेले, ग्राइंडिंग ऱ्हायलेले सत्तर नग फळीवर हाईत," ते म्हणाले. "उद्या सुट्टी. येणार काय दोघं?"

रविवारी कारखान्यात आम्ही तिघंच होतो. आप्पांनी सकाळीच एक लाकडी खोकं स्वतः उचलून आणलं आणि टेबलापाशी ठेवलं. मी त्यावर चढून डायल सरळ बांधला, गुण्या लावून बघितला, आठच्या पट्टीवर तपासला. पेटी उघडीच टेबलावर राहिली, आणि पुढं तिची जागा तीच झाली. आज माझी स्वतःची मापं तपासायची प्रयोगशाळा आहे, अकरा माणसं हाताखाली आहेत. कुणाचाही नग फेल ठरला की आम्ही बनवणाऱ्याला बोलावतो आणि त्याच्यासमोर परत मोजतो. गिऱ्हाइकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

नऊच्या सुमाराला ग्राइंडरचा आवाज थांबला आणि चाचा पहिला नग घेऊन आले. तळहातावर ठेवून आणला होता, गरम असावा. निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी तो टेबलावर ठेवला, पायरीच्या तळाशी शून्य केलं, टोक वर पायरीवर घेतलं. काटा आठवर गेला आणि किंचित पुढं सरकून थांबला.

"अर्धी रेघ जास्त," मी म्हणाले. "पाच मायक्रॉन. पास, चाचा."

चाचांनी वाकून काटा बघितला. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितला.

"पाच कशाला ऱ्हायले?" ते म्हणाले, आणि नग उचलून परत मशीनकडं निघाले.